सज्ञान लेकराचं कायदेशीर पालकत्व: कलेक्टर ऑफिस, जिल्हा न्यायालय की खंडपीठ?

आधी निकाल सांगून टाकू. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा यांतलं काही धरून बहुविकलांगता असलेल्या आणि १८ वर्षं पूर्ण झालेल्या माणसासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायचा असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक स्तर समितीइतकी स्वस्त सेवा दुसरी नाही. पाचपैकी साडेतीन गुण. कापलेला दीड गुण बैठका वेळेवर न भरण्याचा आणि खिडकीवर नीट माहिती न मिळण्याचा. स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असेल तर हे दार तुमचं नाहीच, तिथे जिल्हा न्यायालय: अडीच गुण. डिमेन्शिया झालेले वडील किंवा कोमात गेलेला नवरा असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ: काम पक्कं, खर्च जास्त, तीन गुण. चुकीच्या दारात उभं राहून वर्ष घालवणारी कुटुंबं मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत भेटतात, म्हणून हे परीक्षण.

मुळात अडतं कुठे? लेकरू १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत आईबापाचं नैसर्गिक पालकत्व संपतं. तोवर बँकेत आईच्या सहीनं चालणारं खातं अचानक थांबतं. बँकवाले म्हणतात, आता खातेदार सज्ञान आहे, त्यालाच आणा. तो येतो, पण सही करत नाही, अंगठा मशीनवर उमटत नाही. सेरेब्रल पाल्सीत बोटं आखडलेली असली तर आधारचं बायोमेट्रिक वारंवार नापास होतं आणि निराधार अनुदानापासून अतिवृष्टीच्या मदतीच्या केवायसीपर्यंत सगळं लटकतं. दुसरा अडथळा शेताचा. वडील वारले, वारस फेरफार झाला, सातबाऱ्यावर भावाबहिणींसोबत या लेकराचंही नाव लागलं. पुढे वाटणी करायची तर सही कोण करणार? तिसरा निवृत्तीवेतनाचा. वडील शिक्षक किंवा एसटीत होते, आईही गेली, आणि कुटुंब निवृत्तीवेतन वा थकीत रक्कम या लेकराच्या नावावर निघते, पण उचलणार कोण?

गावाकडे यावर सांगितला जाणारा एक हमखास उपाय म्हणजे सातबाऱ्यावर ‘अपाक’ लावून घ्या. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ती नोंद १८ वर्षांखालच्या मुलासाठी आहे. तीस वर्षांच्या माणसाच्या नावापुढे ती लावली तरी तिला पालकत्वाची किंमत येत नाही, दुय्यम निबंधक कार्यालयात तर अजिबात नाही. त्याहून वाईट सल्ला म्हणजे ‘त्याला काही कळत नाही, वारसातून नावच गाळा’. हिंदू वारसा कायदा, १९५६ चं कलम २८ स्पष्ट आहे: रोग, व्यंग किंवा दोष या कारणावरून कुणाचाही वारसाहक्क जात नाही. नाव गाळून केलेला फेरफार पुढे आव्हानात टिकत नाही.

आता समितीकडे वळू. ही समिती नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ च्या कलम १३ खाली बनते; नॅशनल ट्रस्ट म्हणजे अशा दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था. अध्यक्ष जिल्हाधिकारी, एक सदस्य नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी, एक सदस्य स्वतः दिव्यांग व्यक्ती. मुदत तीन वर्षांची. कायद्यानं तीन महिन्यांतून किमान एक बैठक व्हायला हवी. कलेक्टर ऑफिसच्या आवक-जावक टेबलावर ‘स्थानिक स्तर समिती’ म्हटलं की समोरचा माणूस बहुधा समाजकल्याणकडे बोट दाखवतो, आणि समाजकल्याणवाले परत कलेक्टरकडे. त्यामुळे पहिल्याच फेरीत तीन प्रश्न विचारा: समितीचं काम कोणत्या शाखेत आहे, सदस्य संस्था कोणती, आणि समितीची मुदत चालू आहे का? तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. मुदत संपून पुनर्रचना रखडली असेल तर अर्ज घेतील, पोच देतील, पण निर्णय रखडू शकतो. तसं असेल तर अर्जासोबतच पुनर्रचनेची विनंती करणारं वेगळं पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि त्याची प्रत नॅशनल ट्रस्टच्या दिल्ली कार्यालयाला पाठवा.

सदस्य संस्था शोधणं ही या सेवेतली सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. अर्ज भरून देणं, घरी येऊन पाहणी करणं, बैठकीच्या तारखेचा पाठपुरावा, हे सगळं प्रत्यक्षात संस्थेची माणसं करतात. संस्था चांगली असेल तर किनवटहून नांदेडला किंवा आष्टीहून बीडला फुकटचे हेलपाटे वाचतात. संस्था नावापुरती असेल तर तुमचं प्रकरण फायलीत झोपतं.

कागदांमध्ये सगळा खेळ दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा आहे. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं ओळखपत्र) अपंगत्वाचा प्रकार काय लिहिलाय ते घरीच वाचून घ्या. ‘बौद्धिक अक्षमता’च्या जागी ‘मानसिक आजार’ असं पडलं असेल तर समिती अर्ज परत करते आणि ते बरोबरच आहे, कारण मानसिक आजार तिच्या कक्षेत येत नाही. ही चूक का होते? मूल वयात आल्यावर आदळआपट करू लागतं, मनोविकारतज्ज्ञ औषध सुरू करतात, आणि पुढे प्रमाणपत्र काढताना त्या औषधाच्या कागदावरून नोंद होते. मूळ कारण जन्मापासूनचं बौद्धिक मागासलेपण असेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर) बुद्ध्यांक आणि सामाजिक परिपक्वतेची चाचणी पुन्हा करून घ्यावी लागते. चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात आणि ते रोज बसतीलच असं नाही. निघण्याआधी वार विचारून घ्या. टक्केवारी ठरलेली असते: सौम्य ५०, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. लहानपणीची शाळेची नोंद, विशेष शाळेचा दाखला, जुनी चाचणी, जे असेल ते सोबत ठेवा. अपंगत्व लहानपणापासूनचं आहे हे त्यावरून दिसतं.

बाकी कागद साधे: पाल्याचा जन्माचा पुरावा, पाल्य आणि पालक दोघांचं आधार, रहिवासी पुरावा, फोटो, नातं दाखवणारा कागद (रेशनकार्ड चालतं), आईवडील नसतील तर मृत्यूचे दाखले, पालक होणाऱ्याची लेखी संमती. भावंडं असतील तर त्यांची ना-हरकत कायद्यानं प्रत्येक वेळी सक्तीची नाही, तरी जोडाच. नंतरची भांडणं तिथेच मिटतात. नावातला फरक आधी दुरुस्त करा. आधारवर ‘बालाजी’ आणि यूडीआयडीवर ‘बाळू’ असेल तर बँक पुढे नक्की अडवणार.

प्रतिज्ञापत्राच्या बाबतीत एक फुकटची लूट चालते. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० च्या मुद्रांकानं घेतली आणि बाहेरचे टायपिंगवाले सरसकट ५०० चा मुद्रांक घ्यायला लावतात. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर करा.

अर्ज नमुना ‘अ’मध्ये. आई, वडील किंवा नातेवाईक करू शकतो. नोंदणीकृत संस्थाही करू शकते. यातला कळीचा रकाना आहे पालकत्व कशासाठी हवं: व्यक्तीच्या देखभालीसाठी, मालमत्तेसाठी, की दोन्हींसाठी. बहुतेक जण फक्त ‘देखभाल’ लिहून मोकळे होतात आणि प्रमाणपत्र घेऊन बँकेत गेल्यावर कळतं की मालमत्तेचा अधिकारच मागितलेला नाही. आज नावावर काही नसलं तरी निराधार अनुदानाचं खातं ही मालमत्ताच आहे. दोन्ही लिहा, आणि ‘का हवं’ या प्रश्नाखाली मोघम न लिहिता खात्याचा क्रमांक, गट नंबर, निवृत्तीवेतनाचा आदेश असं नेमकं लिहा. समितीला कायद्यानं दोनच गोष्टी पाहायच्या असतात: पालकाची खरंच गरज आहे का, आणि कोणत्या कामासाठी.

पालक कोण व्हावा, इथे घरोघरी चुकतं. सत्तरीच्या आजीचं नाव घालण्यात अर्थ नाही. दोन वर्षांत पुन्हा अर्ज करावा लागेल. आईवडील दोघं हयात असतील तर दोघांनी मिळून व्हावं. पालक भारतीय नागरिक, स्वतः मानसिक आजाराच्या उपचाराखाली नसलेला, गुन्ह्यात शिक्षा न झालेला, दिवाळखोर नसलेला आणि दुसऱ्यावर अवलंबून नसलेला हवा. पाल्य स्त्री असेल तर एकट्या पुरुषाला पालक नेमत नाहीत; भाऊ होणार असेल तर वहिनीचं नाव सहपालक म्हणून त्याच अर्जात घाला. हा नियम माहीत नसल्यानं बैठकीत प्रकरण मागे ठेवलं जातं आणि पुढची बैठक तीन महिन्यांनी. मृत्युपत्रात ‘माझ्यामागे थोरला मुलगा पालक’ असं लिहून ठेवणं चांगलं, पण सज्ञान माणसासाठी तेवढ्यानं कुणी पालक होत नाही. समितीपुढे तो कागद इच्छा म्हणून वजनाला येतो, एवढंच.

बैठकीला पाल्याला सोबत न्यायची तयारी ठेवा. बिछान्यावरच असेल तर अर्जातच तसं लिहून घरी पाहणीची विनंती करा. अँब्युलन्स करून तीन-साडेतीन तास उन्हात न्यायची गरज नाही. मंजुरी मिळाली की नमुना ‘ब’मध्ये प्रमाणपत्र येतं. ते हातात पडताच, तिथेच उभं राहून तीन गोष्टी वाचा: दोघांची नावं आधारप्रमाणे आहेत का, व्यक्ती आणि मालमत्ता दोन्ही उल्लेख आहेत का, सही-शिक्का-जावक क्रमांक आहे का. आणि तीन-चार साक्षांकित प्रती करून घ्या.

यानंतरचं काम बहुतेक जण विसरतात, आणि या सेवेची खरी शिस्त इथेच आहे. नियुक्तीपासून सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी समितीला द्यायची असते. पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, जमाखर्च. खतं-बियाणांच्या धावपळीत नेमकी तीच तारीख राहून जाते. जमाखर्च म्हणजे सीएचा अहवाल नव्हे. पासबुकाची झेरॉक्स, औषधांची बिलं, शेताचा बटाईचा हिशेब एका वहीत असला तरी नमुना भरता येतो. हिशेब न दिल्यानं लगेच कुणी येऊन पकडत नाही, पण पुढे एखाद्या चुलत्यानं ‘पैसे खाल्ले’ म्हणून तक्रार केली तर कलम १७ खाली पालक काढून टाकता येतो, आणि तेव्हा तुमच्या हातात वही नसेल तर बाजू कशी मांडणार?

प्रमाणपत्राची पहिली परीक्षा बँकेत. शाखेत ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ हे उत्तर ठरलेलं. वाद न घालता लेखी अर्ज द्या: नॅशनल ट्रस्ट कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीचं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला स्वीकारावं, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्येच बँकांना कळवलं आहे. अर्जाची पोच मागितली की शाखाधिकारी बहुधा विभागीय कार्यालयाला फोन लावतो. तरीही नकार असेल तर तो लेखी मागा आणि बँकिंग लोकपालाकडे जा. निवृत्तीवेतनासाठी कोषागाराला पालकत्वाच्या कागदासोबत जिल्हा शल्यचिकित्सकांचं ‘स्वतः उपजीविका कमावू शकत नाही’ असं प्रमाणपत्र वेगळं लागतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र म्हणजे ते नव्हे. वडील नोकरीत किंवा हयात असतानाच लेकराची नोंद सेवापुस्तकात आणि निवृत्तीवेतनाच्या कागदांत करून ठेवली तर नंतरचं निम्मं काम वाचतं.

जमिनीच्या बाबतीत मात्र समितीच्या कागदावर फार भिस्त ठेवू नका. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांपुढे वाटप करून पाल्याचा हिस्सा वेगळा करायला तो उपयोगी पडतो. विक्रीचं तसं नाही. पाल्याची जमीन विकायची तर न्यायालयाची परवानगी घेऊन मगच खरेदीखत करा, नाहीतर घेणाऱ्याचा पैसा आणि तुमची झोप दोन्ही जाईल. आणि हक्कसोडपत्र? पालक असलेल्या भावानं पाल्याच्या वतीनं स्वतःच्याच नावे हक्कसोड करून घेणं हा सरळ हितसंबंधाचा घोटाळा आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम १३ अशा व्यवहारात मदतनीसानं बाजूला व्हावं असंच सांगतं. त्याच कायद्याचं कलम १४ म्हणतं की दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली नेमलेला पालकही ‘मर्यादित पालक’ समजला जाईल, म्हणजे निर्णय पाल्याशी बोलून, त्याची इच्छा धरून. हे कागदावरचं गोड वाक्य समजू नका. सौम्य अक्षमता असलेली कित्येक माणसं आठवडी बाजार करतात, पैसे मोजतात. त्यांच्यासाठी फक्त बँक आणि जमिनीपुरतंच पालकत्व मागा.

जाता जाता: समितीच्या सदस्य संस्थेकडे नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्जही भरता येतो. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आणि फिजिओथेरपीसारख्या नियमित उपचारांचाही खर्च त्यात धरतात. बिलं मूळ जपून ठेवा.

मानसिक आजाराचं दार वेगळं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ देतो. तो उपचारांच्या बाबतीत बोलतो, बँकेत किंवा शेतात त्याचा अधिकार चालत नाही. १९८७ च्या जुन्या कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती, तो कायदाच रद्द झाला. जुने वकील अजून त्याच कलमांवर अर्ज टाकतात, म्हणून मसुदा वाचा आणि १९८७ दिसलं तर थांबवा. आता वाट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ ची, जिल्हा न्यायालयाकडून मर्यादित पालक. १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञान मुलांसाठी आहे, तो इथे चालत नाही. केवळ एखाद्या दाव्यात बाजू मांडायची असेल तर पालकत्वाची गरजच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ खाली वादमित्र नेमता येतो. जिल्हा न्यायालयाला कमी गुण एवढ्यासाठी की अशी प्रकरणं तिथे थोडी येतात, त्यामुळे तारखा वाढतात आणि प्रत्येक जण प्रक्रिया नव्यानं शिकत असतो.

राहिलं खंडपीठ. अपघातानं कोमात गेलेला माणूस किंवा पुढच्या टप्प्यातला डिमेन्शिया, यांच्यासाठी स्वतंत्र कायदाच नाही. उच्च न्यायालय संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालच्या अधिकारातून पालक नेमतं. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये यासाठी सविस्तर सूचना घातल्या आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये कोमातल्या रुग्णाच्या पत्नीला पालक नेमताना तोच धागा धरला, वर विधी सेवा प्राधिकरणाला देखरेखही सांगितली. याचिकेत काय लागतं ते यावरून कळतं: रुग्णाच्या सगळ्या मालमत्तेची यादी, सर्व वारसांची नावं आणि संमती, उपचारांचे कागद. पुढे न्यायालय वैद्यकीय मंडळाकडून तपासणी आणि महसूल अधिकाऱ्याकडून चौकशी करून घेऊ शकतं. एखादी बहीण सासरी आहे म्हणून तिचं नाव वगळलं, की प्रकरण तिथेच अडतं. मराठवाड्याचे आठही जिल्हे याच खंडपीठाखाली येतात, त्यामुळे मुंबईला जायची गरज नाही.

या सगळ्याला पर्याय म्हणून विकलं जाणारं कुलमुखत्यारपत्र मात्र शून्य गुणांचं. करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्र आपोआप संपतं. वडिलांना ओळख पटत नसताना त्यांचा अंगठा घेऊन केलेला कागद तर जन्मतःच मेलेला. डिमेन्शियाचं निदान नुकतंच झालं असेल आणि समज अजून शाबूत असेल, तर त्या दिवसांत करण्याची कामं वेगळी: मृत्युपत्र, खात्यांना संयुक्त नाव, नॉमिनी, आणि समज असल्याचं डॉक्टरांचं तारखेसह प्रमाणपत्र.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर आधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली दिव्यांग व्यक्ती आणि स्त्रिया यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. खंडपीठातही त्याची वेगळी समिती आहे. अर्जदार म्हणून घरातल्या बाईचं नाव असलं तर पात्रतेचा प्रश्नच उरत नाही. दिव्यांगत्व प्रमाणपत्र, आधार आणि प्रकरणाची एका पानाची हकीकत एवढ्यावर अर्ज होतो, त्यालाही पैसे पडत नाहीत.